एक पाय बुटात

१. सराव-युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, आपण हरलो असं लाल ताफ्याला वाटलं.
२. त्याच वेळी आमच्या निळ्या ताफ्यालाही तसंच वाटलं.
३. दोघेही अवकाशातल्या दगडधोंड्यांमधल्या एकाच फटीतून पळाले.
४. फटीच्या तोंडाशी तीन मालवाहू जहाजं घेऊन मी दबा धरून बसले होते.
५. मी नऊ जहाजं पकडली. त्यांतली आठ शत्रूची.
६. नववं आमच्या सेनापतींचं.
७. कुणालाही इजा नाही. सरावात तोफगोळ्याऐवजी दिव्याचा झोत मारतात.

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझी खोली सात फूट बाय पाच आहे; आडवी झाले की अर्धी मी बाहेरच्या बोळात जाते आणि लोक ओलांडून जातात. तुझे गुडघे कसे आहेत? काका अजून कालचंच वर्तमानपत्र आज वाचतात का? माझी प्रकृती उत्तम. सर्दी नाही, पित्त नाही, तक्रार नाही.

वरचं सगळं तुझ्यामुळे घडलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या जहाजाला लांबची उडी मारायची तर आधी तोफा आत घ्याव्या लागतात, पंख मिटावे लागतात आणि इंजिन तापेपर्यंत अकरा मिनिटं एका जागी मुकाट उभं राहावं लागतं. पुस्तकात या अवस्थेला लांबलचक नाव आहे. मला मात्र फळ्यावरची ती आकृती बघताक्षणी आपलं बाहेरचं दार दिसलं, आणि चपलांच्या फळीशी वाकलेला पाहुणा. बसलेल्या पाहुण्याला तू कधी काम सांगितलं नाहीस. तो ‘बरंय, निघतो’ म्हणाला की काका वर्तमानपत्राची घडी घालायचे (हा इशारा होता हे कळायला मला बारावं वर्ष उजाडावं लागलं), आणि तू स्वयंपाकघरातून निघून नेमकी अशा क्षणी दारात पोचायचीस की त्याचा एक पाय बुटात आणि दुसरा हवेत. मग त्याच्याकडून कपाट सरकवून घ्यायचं, माळ्यावरची ट्रंक काढून घ्यायची. एक पाय बुटात असलेला माणूस नाही म्हणत नाही, हे तुझं म्हणणं मी पडताळून पाहिलं आहे. चार वर्षांत एकशे सहा पाहुणे. एकही सुटला नाही. (वही जपून ठेवली आहे.)

हेच मी चौदा पानांत मांडलं, आकृत्यांसह. सेनापतींनी दोन पानं चाळली. “लढायचं सोडून दारात काय बसायचं, बाई?” म्हणाले, आणि पीडा टळावी म्हणून तीन मालवाहू जहाजं देऊन मला फटीकडे पिटाळलं. आम्ही इंजिनं बंद करून दगडधोंड्यांत दडून बसलो. संदेश ऐकायला सोबत भोंगा होता. (नाव त्याच्या आवाजावरून पडलं आहे, त्याला कुजबुजता येत नाही.) काकांचं काम त्याच्याकडे दिलं: शत्रूनं पंख मिटले की हळूच ‘घडी’ म्हणायचं. तो पहिल्यांदा ‘घडी’ म्हणाला ते शेजारच्या जहाजाला यंत्राशिवाय ऐकू गेलं असावं. भौतिकशास्त्राप्रमाणे हे अशक्य आहे, पण मी हमी देत नाही.

मग एकामागून एक आले. पंख मिटले, की दिवा! पहिला कप्तान काकुळतीला आला. “अहो, असं काय करता, आम्ही निघालोच होतो!” त्यावर भोंगा म्हणाला, “निघालेल्यांनाच थांबवतो आम्ही. बसलेल्यांना कोण विचारतं?” पाचव्या जहाजानंतर आमच्या आचाऱ्यानं डावानं परात बडवायला सुरुवात केली. आठव्यानंतर मीही हसले. (दोन साक्षीदार आहेत.)

नववं आलं तेव्हा ओळखीचा आवाज आला. “अगं ए, मी आपलाच आहे!”

“साहेब, आपण निघालात ना?”

“निघालो. मग?”

“मग थांबा.”

झालं असं की नवव्या पानावर मी ‘दारात आलेला प्रत्येक जण’ असं लिहिलं होतं; ‘शत्रूचा’ हा शब्द नव्हता. तो चुकून राहिलेला नाही. तू कधी आपला-परका केलास? कचेरीला निघालेल्या काकांनाच एका बुटावर अडवून तू सबंध माळा आवरून घेतलास, त्या दिवशी ते थेट जेवणाच्या सुट्टीला कामावर पोचले. शिवाय तुझ्या दारातून रिकाम्या हाती कुणी सुटत नाही. म्हणून मीही नऊ जहाजांच्या माणसांकडून, महिनाभर उलट्या बाजूला पडलेल्या आमच्या पाण्याच्या टाक्या सरळ लावून घेतल्या. एक टाकी सेनापतींनी उचलली. चांगली उचलली.

आता वीस तारखेला चौकशी आहे. निम्म्या समितीला हा डाव (ताफ्यात सगळे त्याला ‘आत्या-डाव’च म्हणतात) पुस्तकात घालायचा आहे आणि मला डावपेच-कक्षात घ्यायचं आहे. सेनापतींना मी वर्षभर भांडारात नटबोल्ट निवडायला हवी आहे. मला विशेष काही वाटत नाही. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. वाटतं. मला डावपेच-कक्षच हवा आहे.

ता. क. २. समितीनं विचारलं, हा डाव कधी फसला का? मी म्हटलं, एकदा. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी न्हाणीघरात बसून दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून, तू गच्चीवर कपडे वाळत घालत असताना मागच्या दारानं निघून गेली. दारात तू आली असतीस तर तिचा पाय निघाला नसता, हे तिला ठाऊक होतं. पण हे उत्तर मला दुरुस्त करावं लागणार आहे. त्या मुलीच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात लोकरीच्या मोज्यांचा नवा जोड निघाला, आणि त्यात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘पोचलीस की कळव.’ म्हणजे निघालेल्या तिलाही तू काम सांगितलंच होतंस; डाव तेव्हाही फसला नव्हता. पोचले, आत्या. कळवायला उशीर झाला.

ता. क. ३. हा डाव मूळ कुणाचा, ते सांगायला समितीला ‘संबंधित तज्ज्ञ’ हवी आहे. लेखी जबाब चालेल असं ते म्हणाले होते. लेखी चालणार नाही, असं मी सांगितलं. वीस तारखेला समोर यावं लागेल. येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय ताफा करतो. काकांनाही आण, इशाऱ्याचं प्रात्यक्षिक लागेल. येणार की नाही, ते बारा तारखेपर्यंत कळव.