दरीपलीकडचा वंगा

ती. अर्मांतीन मावशीस,

अंगणाबाहेरूनच ‘मान!’ अशी हाक घालतो, ‘आदर!’ म्हणून आत घे. गुडघे कसे आहेत? तुझे देव खाऊनपिऊन खूश आहेत ना? इकडे मी, बकरी आणि छप्पर तिघेही टिकून आहोत (छप्पर जरा कमी).

राजधानीतून नादेज नावाची शिकलेली पोरगी आली आहे. शब्दकोश करते. तिला ‘वंगा’चा नेमका अर्थ हवा होता, आणि वाट दाखवायला मी सापडलो. म्हातारे डोर्सेन्व्हिल म्हणाले, “आम्ही देवांची सेवा करतो, दुखलंखुपलं तर औषध घेतो. वंगा, म्हणजे करणी, ती दरीपलीकडचे करतात.” (त्यांच्या आंब्याला तेव्हा लाल फडक्यात गुंडाळलेली बाटली लटकत होती. ते म्हणे आंब्याचं औषध. चोरांना चांगलं लागू पडतं.) आम्ही दरी उतरून पलीकडे गेलो, तर पलीकडच्यांनी आम्ही आलो त्याच वाटेकडे बोट दाखवलं. पोरगी हट्टी. तिनं खेपांवर खेपा घालायला लावल्या, त्यात माझी एक चप्पल ओढ्यात वाहून गेली. अर्थ प्रत्येकाला पाठ, वस्तू मात्र शेजाऱ्याची. आता मलाच कुतूहल लागून राहिलं, की सगळेच औषध घेतात तर वंगा करतं तरी कोण?

शेवटी पलीकडच्या फिलोमीझकडे टेकलो. (मागं लिहिलं होतं ती विधवा, कॉफी उत्तम करते. हल्ली मी रोज तिकडेच पितो. मावशी, ती मला फार आवडते, पण विचारायचा धीर होत नाही आणि नाही म्हणाली तर काय, या धास्तीनं झोप उडाली आहे.) तिनं नादेजला एका किटलीतून कॉफी दिली, मला दुसऱ्या.

“वंगा दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून करतात गं,” ती म्हणाली. “मी कशाला करू? मी लेओगानच्या एका बाईंकडून औषध आणते.”

“कशावर?” पोरीनं विचारलं.

“एका माणसाला दरी ओलांडायचा कंटाळा होता, त्यावर. गुण आलाय.”

नादेजनं ते लिहून घेतलं. मी कप खाली ठेवला.

तुझा भाचा,
ओडिलों

ता. क. फिलोमीझसाठी मी तुझ्याकडे जे मागितलं होतं (औषधच), ते अजून केलं नसशील तर राहू दे.

आणखी एक. लेओगानमध्ये तुझ्याशिवाय औषध देणारी बाई माझ्या तरी माहितीत नाही. मी रागावलेलो नाही. कप पुन्हा उचलला, आणि संपवून दुसरा मागितला. तिची पुडी संपत आली असेल, तेवढी मात्र वेळेवर पाठव.