झोपलेल्या माणसाचं चित्र

बाबा, आज मायचं चित्र काढायला बसले आणि पेन्सिलच हातातून खाली पडली. तुम्ही असता तर हसला असता. पोरगी भरबाजारात चालत्या बैलाचं चित्र काढते आणि खाटेवरच्या म्हातारीला घाबरते.

भरभर काढायला मी तुमच्याकडूनच शिकले, तुम्हाला ते माहीतही नव्हतं. वाशीमच्या बाजारात तुम्ही मेथीच्या जुड्या बांधायचात, नजर गिऱ्हाइकावर आणि बोटं आपली आपण चाललेली. ते बघून मीही कागदाकडे न बघता काढायला लागले, कारण माणूस काही आपल्यासाठी थांबत नाही. मग त्या दुपारी तुम्ही मळ्यात निंबाखाली आडवे झालात आणि मी दोन मिनिटांत तुम्हाला कागदावर उतरवलं. जागे झालात, कागद पाहिलात, आणि चेहराच पडला तुमचा. "झोपलेल्या मानसाचं काढू नाई, पोरी. जीव बाहेर फिरून राह्यते. चित्रात अडकला, त वापस कसा येईन? फाड ते." मी फाडते म्हणाले. चौथ्या दिवशी तुम्ही झोपेतच गेलात.

त्यानंतर मी माणूस काढलेला नाही. टोपल्या काढते, विहीर काढते, अनसिंगच्या एसटी स्टँडवरचे रिकामे बाक काढते. माणसं काहून नाहीत, असं कोणी विचारलं तर जमत नाहीत म्हणते. मेली भीती वाटते, दुसरं काय! शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी, बाबा.

आता मायनं अंथरूण धरलंय. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "तुह्या बाबाचं काढलं होतं ना? मंग माह्यं काहून नाई काढत?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. नाही म्हणवलं नाही. डोळे उघडे ठेवायचे, एवढी अट घातली, तीही हसून बरं म्हणाली. कपाळ झालं, नाक झालं, हनुवटी झाली, आणि डोळ्यांपाशी येईपर्यंत ती झोपून गेली. मी वही मिटून तिच्या छातीकडे बघत बसले. पदर हलतोय की नाही तेच कळेना. अंगाला हात लावायची भीती, हाक मारायचीही भीती, कारण हाक मारली आणि ती उठलीच नाही तर? किती वेळ तशी बसले कोण जाणे. शेवटी ओरडलेच, माय! तिनं दचकून डोळे उघडले.

"झालं का?"

झालं म्हटलं. झालं नाहीये, डोळ्यांची जागा कोरीच आहे, ती जागी असताना उद्या भरीन म्हणते. आत्ता ती भाकर खातेय आणि मी दारात बसून हे लिहितेय. त्यासाठी वहीचं नवं पान घेतलं नाही. तुमच्या त्या चित्राच्या मागेच लिहितेय. मी ते फाडलं नव्हतं, बाबा.