टोमॅटोच्या कडेचा एरंड

तीर्थरूप आईस, तेजपूरहून संयोगिताचा नमस्कार.

आमी दोघं नवराबायको खुशाल हाय. परवा फोनवर ‘तुझ्या परसातला एरंड काढून टाक’ एवढंच बोलले आणि रडाय लागले. तू घाबरली असशील, म्हणून सगळं लिहिते.

तू सांगितलंस तसंच क्वार्टरमागं लावलं होतं. टोमॅटोत झेंडू, मक्यावर चढवलेली चवळी, आणि अळ्या तिकडं जाव्यात म्हणून कडेनं एरंड. टोमॅटो लय आले. शेजारच्या बिहारी भाभींनाबी देत होते.

त्यांची चार वर्षांची गुड्डी तिथंच खेळायची. सोमवारी तिला उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाया बेटा?" तिनं मूठ उघडली. आत एरंडाच्या ठिपक्याठिपक्याच्या बिया. फळं फोडून तिनं त्या चावून खाल्ल्या होत्या.

लय सलाईन लावलं. आता बरी हाय, काल भात खाल्ला. एरंड मी त्याच दिवशी उपटला.

भाभी घरी आल्या तवा मी त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी मला उठवलं, वाफ्यापाशी नेलं नि म्हणाल्या, "अब एक-एक पौधा बता. कौन सा खाना है, कौन सा नहीं." मी झेंडूपासनं सुरू केलं, एकेक रोपाला हात लावून सांगत गेले.

दादाची रेश्मा आता चालाय लागली ना? वहिनीला हे वाचून दाखव.

तुला बोल लावत न्हाई आई. पण आमी लहान होतो तवाबी परसात एरंड होताच, नि तू दिवसभर उसात असायचीस. आमच्याकडं कोण बघत होतं गं?

तुझी,
संयोगिता