विजयेच्या विडीचा तपास

राहुरी, ता. २० नोव्हेंबर १९४४

ती. सौ. अक्काच्या पायांवर शामकांतचे डोके, आणि भाऊजींना वाकून नमस्कार.

भाऊजींचे गुडघे या थंडीत कसे आहेत? अंबिका म्हणते, एरंडेल कोमट करून चोळा. (भाऊजी चोळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे; पण निरोप दिला नाही तर रात्री मला जेवायला मिळायचे नाही.) इकडे सर्व खुशाल आहे. गेल्या गुरुवारच्या पत्रात हे वाक्य नव्हते, हे तुझ्या ध्यानात आलेच असेल. त्यात मी लिहिले होते की विजयेचे नाव शाळेतून काढतो, तुमच्या गल्लीतल्या त्या बिजवर वकिलांशी बोलणे लाव, चाळिशी उलटलेली असली तरी हरकत नाही. ते पत्र आधी चुलीत घाल आणि मग पुढे वाच. असे का, ते लिहायला तेव्हा हात धजला नव्हता.

झाले असे की गुरुवारी सकाळी मी परसात गेलो, तर आमची विजया, वय वर्षे पंधरा, इंग्रजी पाचवीत पहिला नंबर, बंबाच्या आडोशाला उभी राहून विडी ओढत होती. नुसती ओढत नव्हती अक्का, नाकातून धूर सोडत होती! पोरीला मी कधी 'अगं' म्हणून दटावले नव्हते, तो मी असा ओरडलो की शेजारची गाय दावे तोडून पळाली. विजया रडली नाही, बोलली नाही; हातातली विडी माझ्यापुढे धरून उभी राहिली. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी आणखी भडकलो.

मग कचेरीत दिवसभर बसून (सातबाऱ्याचे उतारे तसेच पडले) वयात येणाऱ्या मुली विडीकडे का वळतात, याचा मी विचार केला. आधी संशय नगरच्या सिनेमावर घेतला. पण तो तिने पाहिलाच नाही. मग शाळेत आलेल्या नव्या बाईंवर, कारण त्या सायकल चालवतात. मग इंग्रजी भाषेवर. संध्याकाळी तुला पत्र टाकले. अंबिकेने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे बंद केले, आणि विजयेने पुस्तके बांधून फडताळावर ठेवून दिली. ते गाठोडे बघवत नव्हते, पण बाप म्हणून ताठ राहिलो.

रविवारी राहीबाई दूध घालायला आली. (आठवते ना? तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू हिनेच वळले होते.) तिने सगळे ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो राव, लढाईपायी काडीपेटी मिळंना झाल्यापासनं रोज सकाळी 'इजे, इडी पेटवून आन' म्हून कोन बोंबलतंय? वढल्याबिगर इडी पेटती व्हय?"

मी तिच्यावर डाफरलो. मग ती गेल्यावर गुपचूप विडी चिमट्यात धरून बंबाशी गेलो. एकही झुरका न घेता ती पेटती ओसरीपर्यंत आणून दाखवायची, असा माझा प्रयोग होता. तीनदा विझली. चौथ्यांदा फुंकर घालायला वाकलो आणि मिशीची डावी बाजू गेली. अक्का, वर्षभर मी ओसरीवर बसून हुकूम सोडत होतो आणि माझी लेक वाऱ्यातून ती विडी जिवंत ठेवून मला आणून देत होती. आपल्या तात्यांना माझी विडी तू कधी कळू दिली नाहीस. मी मात्र माझ्याच पोरीच्या तोंडात ती दिली.

विजयेला जवळ बसवून विचारले, बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमचीच विडी तुमच्यापुढे धरली होती की, दादा." आधी ठसका लागायचा म्हणे, मग थंडीत बरे वाटू लागले. आणि नाकातून धूर? "तुम्ही काढता ना, ते बघून." मला रडूच आले. ती म्हणाली, आता नाही ओढणार. मी म्हणालो, मीही नाही. गाठोडे मी स्वतः सोडले. आज ती शाळेत गेली तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटले. अंबिकाही पुन्हा बोलू लागली (पहिली दोन वाक्ये मिशीबद्दल).

भाचरांना आशीर्वाद.

तुझा,
शामकांत

ता. क. माझी विडी सुटून आज दुसरा दिवस. सकाळचे पोट साफ होण्याचे वांधे आहेत. भाऊजींचा काही काढा असल्यास कळव.

दुसरा ता. क. खरे काम राहिलेच. पहिल्या पत्रावरून तू वकिलांकडे शब्द टाकला असशील, तर तो आजच्या आज मागे घे. ते ऐकेनात तर मुलगी विडी ओढते म्हणून सांग. माझी लाज राखू नकोस.

तिसरा ता. क. पत्र टपालात टाकायला विजयेकडे दिले, तिने ते वाचले. म्हणते, "आत्याला लिहा, नाकातून धूरही काढते म्हणून सांग. वकील आहेत, अर्ध्या पुराव्यावर सोडायचे नाहीत." तेवढेही सांग.