दोन्हीकडून सारखा पंख

१९ जानेवारी, सोमवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हिला नवा चष्मा लागलाय, त्यामुळे माझ्या शर्टावरचा भुसा तिला आता लांबूनही दिसतो. कारखाना मी मागच्या गल्लीत हलवला. दारं-खिडक्यांची कामं भरपूर आहेत. तुझं कसं चाललंय? कपडे बेतायचे नमुने अजून तूच कापतेस ना, की आता नुसती देखरेख?

हे फोनवरही विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. पण फोनवर आपण दोघं "बरं", "ठीक" आणि "ठेवते" यापलीकडे जात नाही. आणि बातमी मोठी आहे. काल माझं रिमोटवरचं विमान उलटं उडालं! चाकं आभाळाकडे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, अख्खं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाक केसभरही खाली गेलं नाही.

पहिल्यापासून सांगतो. कारखाना हलवताना मोठ्या कपाटामागून पुठ्ठ्याचा एक तुकडा निघाला. पंख आडवा कापला तर जो माशासारखा आकार दिसतो, तो तू मला कापून दिला होतास, तोच. शर्टाच्या कॉलरलाही कुणी इतकं नितळ वळण देणार नाही. टोकाला भोक पाडलेलं, तुमच्याकडे नमुने टांगतात तसं. आणि पेन्सिलीने तुझं अक्षर : "वर-खाली सारखाच. जाडी रुंदीच्या पंधरा टक्के. ऐक माझं."

मी ऐकलं नव्हतं. या वेळीही लगेच ऐकलं नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. एकाच धडाला बसतील असे पंख करायला घेतले. पहिला माझा नेहमीचा, खाली सपाट, वर फुगीर. सरळ उडताना लोण्यासारखा. उलटा केला की नाक टाकायचा, रिमोटची दांडी सतत पुढे दाबून धरावी लागायची. दुसरा वर-खाली सारखा केला, पण बारीक, नऊ टक्क्यांचा. म्हटलं, ताईचं निम्मं ऐकू. तो वेगात सुरेख होता. पण उभा गोल फिरवताना माथ्यावर वेग कमी झाला, की काही न सांगता एक खांदा टाकायचा, एका बाजूला कलंडायचा. दोनदा चाकं मोडली. पुढची कड फार धारदार होती, हवा तिला धरून राहीना.

मग मुकाट्याने तुझा पुठ्ठा लाकडावर ठेवला, आकार उतरवला आणि पंखाच्या सांगाड्यासाठी तशाच बावीस फासळ्या कापल्या. पुढची कड अंगठ्यासारखी गोल.

हिने विचारलं, "हा पंख जाड नाही वाटत?"

"ताईचा आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं, तरी मला ते बघणं सोसेना.

आता ते लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या क्लबाच्या मेळाव्यात माझं विमान उलटं असताना नाक टाकायला लागलं आणि मी घाबरून दांडी मागे ओढली. उलट्या विमानाला ओढलं की ते जमिनीकडेच जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते जमिनीत घुसलं. लोक धावत आले तेव्हा मी म्हणालो, "बॅटरी उतरली असणार. चार्जिंगचं काम ताईकडे होतं." तू एवढंच म्हणालीस, "मी लावली होती रे." आणि पाण्याची बाटली उचलून चालू लागलीस. तेव्हापासून क्लबातले दातांचे डॉक्टर तुला 'बॅटरीताई' म्हणायला लागले. त्यांच्या हसण्यात मीही हसलो. तू मैदानावर पुन्हा पाऊल ठेवलं नाहीस.

ताई, बॅटरी भरलेली होती. मला नुसता संशय नव्हता, मला माहीत होतं. चुराड्यापाशी सगळ्यांच्या आधी मी पोहोचलो होतो. दांडी हलवून पाहिली आणि शेपटीतली मोटर कुरकुरली. मी मागे वळून पाहिलं. लोक येत होते, तूही येत होतीस. मी बॅटरीची वायर उपटली.

एवढं लिहायला चार कागद फाडले.

तर काल, यंदाच्या मेळाव्यात. वारा आडवा होता. डॉक्टरांनी पंखावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा पंख आहे की उशी?" मी विमान सोडलं. वर नेलं, उलटं केलं, आणि खाली, आणखी खाली आणलं. दांडीवर अंगठा नुसता टेकलेला. ते असं गेलं, जसं काही तीच त्याची सरळ बाजू! मग गिरक्या, मग माथ्यावर जवळजवळ थांबवलं, तरी खांदा टाकला नाही. उतरवलं तेव्हा टाळ्या थांबेनात. स्वतः बनवलेल्या विमानांत पहिला नंबर. माईकवाल्याने विचारलं, "पंखाचा आकार कसा निवडलात?"

मी माईक हातात घेतला. "मी नाही निवडला. माझ्या बहिणीने निवडलाय, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा ऐकलं असतं तर विमान वाचलं असतं. तिने बॅटरी पूर्ण चार्ज केली होती. वायर मी उपटली."

डॉक्टर जवळ आले. "मी त्या बाईंची एवढी वर्षं टर उडवली, आणि तू शेजारी उभा राहून हसत होतास?"

"हो," मी म्हणालो.

"मग पहिला नंबर त्यांचा," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला माईक घेऊन तेच मोठ्याने परत सांगितलं. या वेळच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या. मी मान खाली घालून ऐकल्या. लाज वाटत होती आणि नाचावंसंही वाटत होतं. तुझ्या नावाच्या टाळ्या पहिल्यांदा ऐकत होतो ना!

माफ कर असं लिहीत नाही. ते तोंडाने म्हणायचं आहे, तुझ्यासमोर. रविवारी सकाळी येतोय. तू दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, मला कुठे जायची घाई नाही.

तुझा अपराधी, आणि कालपासून तुझ्या अभिमानाने जमिनीवर पाय न टेकणारा,

धाकटा