सैल गाठ

शुक्रवार, भाद्रपद वद्य पंचमी. देवबाग.

खांदे भरून आलेत. दिवसभर झाडाभोवतीच्या बांबूच्या माचीवर चढून आंब्याची कलमं बांधली. सरकारी रोपवाटिकेत लागून तिसरा महिना, आणि तो वळ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

माझी पहिली कलमं. हापूसच्या फांदीला कुंडीतलं रायवळ रोप जोडून सुतळी आवळली होती, आमच्या घरात होडीचा दोर आवळतात तशी. गेल्या आठवड्यात सोडली तर सालीत वळ रुतलेला. झाडापासून तोडली आणि सगळी सुकली. मुख्य माळी तात्या ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "ह्यां झाड आसा, होडी न्हय. तेचो गळो आवळलंस."

गाठीखाली नख शिरलं पाहिजे, हा त्यांचा नियम. रोज मी बांधायचो, ते सोडायचे. आज मात्र माझ्या एकाही गाठीला त्यांनी हात लावला नाही. नुसते बघून पुढे गेले. नोकरी टिकेल बहुतेक.

हेच घरी सांगायचं होतं. पण दारातच दादा, माझा थोरला भाऊ, उभा. "काल होडी तियाच बांधलंस मां रे? रातीची सुटली. खाडयेत व्हावत गावली."

फळी फुटलीय. आता दुरुस्त होईपर्यंत मासेमारी बंद, दादा घरीच. मी गेलो आणि होडी पुन्हा बांधली, सगळा जोर लावून, पूर्वीसारखी.

बांधून झाल्यावर बघतो तर माझं नख गाठीखाली जागा शोधत होतं.