तेसलेमचं स्वस्तातलं पेडल

प्रिय हमादी,

माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील आणि मग कोण गेलं म्हणून घाबरशील. कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत, माझा उजवा गुडघा सोडून. अकरा वर्षांत मी तुला जेमतेम चार निरोप पाठवले असतील, तेही तेसलेमच्या कागदपत्रांबद्दल, आणि तू प्रत्येकाला "बरं" एवढंच उत्तर दिलंस. आताही फोनवर बोलून पाठवता आलं असतं. नुआकशोतमध्ये आता कुणी पत्रं लिहीत नाही. पण मी नुसता श्वास घेतला तरी तुला कळायचं की ही काहीतरी लपवते आहे. म्हणून कागद घेतला. नुआदिबूला टॅक्सी नेणाऱ्या आपल्या चुलतभावाच्या हाती देते आहे. त्याला सांगितलंय, वाटेत उघडून वाचलंस तर पुढच्या प्रत्येक लग्नात तुझ्या नावाने गाणं रचीन.

तेसलेम एकोणीसची झाली. हनुवटी तुझी आणि जीभ माझी, त्यामुळे तिच्यासाठी स्थळ शोधणारे आधीच दमलेत. तू सोडून गेलेली गिटार ती वाजवते हे तुझ्या कानावर आलंच असेल. पाव सुरांसाठी तू स्वतः कानशीने घासून मधेमधे जे जादा पडदे बसवले होतेस, त्यातले दोन उखडले होते. ते तिने तसेच परत बसवले, कुणाला न विचारता. आमच्या घराण्यात मुलीच्या हाती आर्दीनच्या तारा येतात, गिटारच्या नाहीत, हे तुला मी काय सांगणार. माझा अहमदूदादा दोन वर्षं तोंड वाकडं करून बसला होता. मग त्याचे दोन्ही मुलगे मोबाइल विकायला लागले आणि वाजवायला घरात उरली ही एकटी. तेव्हा कुठे दादा नमला. पुढच्या गुरुवारी एका मोठ्या घरचं लग्न आहे आणि तेसलेमची ती पहिली बैठक. मी गाणार, ती साथ करणार. पहिल्या बैठकीत माणूस चुकलं तर दुसरी मिळत नाही, हे आपल्या दोघांइतकं कुणाला माहीत आहे?

आणि पोरीला हवाय तुझा आवाज. दादा म्हणतो, स्वच्छ वाजव, पाण्यासारखं. ती म्हणते, मला बाबांसारखं वाजवायचंय, फाटलेलं. गेला महिनाभर घरात हीच एक कटकट चालली होती.

तुझा तो अॅम्प आठवतो का रे? बंदरावरच्या कुठल्याशा बोटीवरून आणलेला, बाजूला गंज चढलेला. त्याच्या स्पीकरचा कागद फाटला तेव्हा तू हिरव्या चहाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि खळ लावून तो चिकटवलास, आणि त्या दिवसापासून तो जो घरघरायला लागला तो मरेपर्यंत तसाच घरघरत राहिला. मी काय काय नाही बोलले त्याला. सर्दी झालेला उंट म्हणाले. तुझी दुसरी बायको म्हणाले. तू तो तंबूत मांडायचास तेव्हा मी मुद्दाम त्याच्यापासून दूर सरकून बसायचे, बायका हसायच्या, आणि तू मान खाली घालून तारा लावत बसायचास. कधी उलटून बोलला नाहीस. तेव्हा मला त्याचा राग यायचा, वाटायचं या माणसाला काही लागतच नाही.

तो अॅम्प गेल्या पावसाळ्यात कायमचा मेला. तेसलेमने उघडला तर आत उंदरांनी घर केलेलं. मग तिने फोनवर शोधून काढलं की आता असा आवाज डब्यात मिळतो. पायाखाली ठेवायचं पेडल, ओव्हरड्राइव्ह म्हणतात. मी म्हटलं, आवाज फाडायला पैसे कशाला द्यायचे, मी फुकट ओरडते. पण मंगळवारी ती मला ओढतच मोबाइलवाल्यांच्या बाजारात घेऊन गेली. तिथे जिब्रिल रेडिओवाला अजून आहे. दाढी पांढरी झाली, चष्म्याची काच तीच तडकलेली. तुझी चौकशी केली आणि उत्तराची वाट न बघता खाली वाकून दोन डबे काढले. एक परदेशी, जड, त्याची किंमत ऐकून मी माझ्या मेल्हफ्याचा पदर तोंडाला लावला. दुसरा हिरवा, हलका, त्याच्या पाचव्या हिश्श्यात मिळणारा. जिब्रिल म्हणाला, या भावात हल्ली धड चपला येत नाहीत, हा किती टिकेल ते मी सांगणार नाही.

तेसलेमने आधी महागाचा जोडला. आवाज छान होता, पण तोंडात लोणी धरून गाणाऱ्या बाईसारखा. तिने तोंड मुरडलं. मग हिरवा. त्याला तीन गोल बटणं. एकाने आवाज किती फाटायचा ते ठरतं, एकाने धार, एकाने जोर. पहिलं बटण तिने शेवटपर्यंत फिरवलं तर नुसता गोंगाट, सूर शोधून सापडेना. पलीकडचा दुकानदार भांडायला आला. तिने ते हळूहळू अर्ध्यावर आणलं, धार थोडी कमी केली, आणि मग तिला ते सापडलं. हलकेच छेडली की तार स्वच्छ बोलायची, आणि अंगठ्याने जोरात मारली की फाटायची. दोन तारा एकत्र धरून तिने तुझ्या त्या जादा पडद्यावर बोट सरकवलं आणि तो डबा घरघरला.

हमादी, तो तूच होतास. मला माहीत आहे ती एक बॅटरी आणि चार तारा घातलेली पत्र्याची डबी आहे, कुठल्याशा कारखान्यात दिवसाला हजारभर होत असतील. पण तिने फागूचे सूर धरले, आणि मी जिब्रिलच्या स्टुलावर बसले होते ते तशीच अकरा वर्षं मागे गेले. मोबाइलच्या काचा बदलायला आलेली माणसं आपापलं काम विसरून ऐकत होती. मी पदराने डोळे पुसले आणि वाऱ्याला, धुळीला शिव्या दिल्या. दुकानाचं दार बंद होतं. मग सावरण्यासाठी मी जिब्रिलशी भावावरून असं काही भांडले की शेवटी त्याने एक बॅटरी वरून दिली आणि म्हणाला, हमादी सुटला.

घरी आलो तर दादा अंगणात दुसऱ्या पेल्याचा चहा ओतत होता. तेसलेमने मोठ्या हौसेने वाजवून दाखवलं. त्याने पूर्ण ऐकलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग त्याने तिला समोर बसवून तोच पाठ दिला जो आपल्याला लहानपणी मिळाला. बैठकीत सुरांचे पाच मुक्काम, पहिला कर, दुसरा फागू आणि मग पुढचे तीन. एक सोडून पुढच्याकडे गेलीस की त्या बैठकीत मागे वळायचं नाही. फागू मर्दानी, तापलेलं; ते सोडताना गळा आणि बोटं दोन्ही ओढ घेतात, म्हणून तिथेच जपायचं. गायिका काय गाते ते वादकाला ऐकू आलं पाहिजे. एवढं सांगून तो म्हणाला, "वाजव बेटा, गुरुवारी तूच वाजव. पण हा डबा घरी ठेव. असल्याच आवाजाने तुझ्या बापाचे कान खाल्ले."

पोरीने वाद घातला नाही, हेच मला जास्त लागलं. तिने पेडलची तार काढली, नीट गुंडाळली आणि ते खोक्यात परत ठेवायला लागली. ती हे ऐकतच वाढली आहे. शाळेत, लग्नांत, बायकांच्या मेंदीत, सगळीकडे तेच. हमादीची मुलगी ना तू, ज्याने तिसऱ्या मुक्कामावरून बायकोला मागे फागूत ओढलं? त्याला स्वतःच्या गोंगाटात ऐकूच आलं नाही म्हणे.

तो दिवस मी कितीदा पुसायला गेले. दुपारच्या नमाजानंतरची बैठक, मोठा तंबू, सगळे जाणते म्हातारे उशांना टेकून बसलेले. फागू झालं, आपण पुढे गेलो, चार ओळी झाल्या. आणि मी, आर्दीनवर हात ठेवून, एक ओळ परत फागूत घेतली. अर्धी ओळ झाली तेव्हाच मला कळलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला पुढेच राहता आलं असतं, मग मी एकटी उघडी पडले असते, भर तंबूत. तू राहिला नाहीस. तू अॅम्पचं बटण वर केलंस आणि माझ्या मागोमाग फागूत आलास, इतक्या जोरात की सगळ्यांना वाटलं तूच आधी वळलास. एका म्हाताऱ्याने बैठक थांबवायला हात वर केला. चहाचे पेले थांबले. तू उभा राहून एवढंच म्हणालास, "चूक माझी." मी माझ्या मेंदीकडे बघत बसले.

त्यानंतर तुला कुणी बोलावलं नाही. तू मासळीच्या कारखान्यात गेलास. आपण घरात एकमेकांना मीठ मागण्यापुरतं बोलायला लागलो, आणि एक दिवस तेही संपलं. मला तलाक मिळाला तेव्हा माझ्या माहेरच्यांनी रीतीप्रमाणे जेवणं घातली, ढोल वाजवले, बायकांनी जिभा हलवून हुलहुल केली की आमची खदिजतू परत आली. मी नवा मेल्हफा नेसून मधोमध बसले होते. त्या ढोलात सतत काहीतरी कमी आहे असं वाटत होतं. मला त्याचं नाव विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

तर मंगळवारी, पोरगी खोक्याचं झाकण लावत असताना, मी म्हणाले, "दादा, मागे हमादी गेला नव्हता. मी गेले होते. तो माझ्या पाठोपाठ आला."

दादाचा हात किटलीवरच राहिला. फेस बसला तरी त्याने पेला भरला नाही. मग म्हणाला, "आणि अकरा वर्षं तू गप्प?" मी हो म्हटलं. तेसलेमने विचारलं, मग बाबांनी का नाही सांगितलं. त्याचं उत्तर दादाने दिलं. म्हणाला, "गाणारीला तंबूत एकटी सोडून पुढे निघून जाणारा वादक नसतो, बेटा. तो भाडोत्री असतो." आणि मग माझ्या त्या दगडासारख्या भावाने डोळ्यांवर हात धरला. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने खोकं उघडलं आणि पेडल तिच्या पायाशी ठेवलं.

गुरुवारी बैठक सुरू होण्याआधी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्या दिवशीचे म्हातारे आता थोडेच उरलेत, पण जे आहेत ते या लग्नाला येणार आहेत. दादा म्हणाला, तू नको, मी सांगतो, तू बाई आहेस, तुझं नाव जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, ते दुसऱ्याच्या पैशावर चाललं होतं. कदाचित मला यापुढे कुणी गायला बोलावणार नाही. तेसलेमला बोलावतील. ती वाजवेल, फाटलेलं, फागूत, आणि कुणी म्हणणार नाही की हा आवाज कान खातो.

तरी हे सांगायला मी पत्र लिहिलं नाही. हे तुला चुलतभावाने तोंडी सांगितलं असतं, थोडं मीठमसाला लावून. त्या संध्याकाळी तेसलेमने मला एकटीला विचारलं, आई, पण तू मागे का गेलीस? मी तिला म्हटलं, दमले होते, तुला ताप होता, माझं लक्ष नव्हतं. दादालाही तेच सांगितलं. तुलाही त्या रात्री हेच सांगितलं होतं, आणि तू "बरं" म्हणालास. ते खोटं होतं. माझं लक्ष पूर्ण होतं. त्या दुपारी तुझा अॅम्प असा काही बोलत होता की माझ्या आर्दीनच्या तारा आपोआप थरथरत होत्या. मग आपण पुढच्या मुक्कामावर गेलो, तू बटण खाली घेतलंस, तो आवाज थांबला, आणि मला ते सहन झालं नाही. ज्याला मी उंट म्हणायचे, ज्याच्यापासून सरकून बसायचे, तो आवाज मला जगात सगळ्यात जास्त आवडायचा, आणि ते मी तुला लग्नाच्या नऊ वर्षांत एकदाही सांगितलं नाही. गुरुवारी लोकांनाही मी चुकले एवढंच सांगणार आहे. उरलेलं त्यांचं नाही, तुझं आहे. तू इतकी वर्षं समजत आलास की तू माझी चूक झाकलीस. ती चूक नव्हती, हमादी. तू अजून थोडा वेळ वाजवावंस, एवढंच मला हवं होतं.

कागदावर कुणाचीच नाही, या कागदावर मात्र तुझीच,
खदिजतू